लाखाच्या राष्ट्राचे लाखमोलाचे वर्ष

‘टोंगा’ हे नाव कानावर पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम घोड्याचा टांगा उभा राहतो. वर्गात एकदा बोलता बोलता मी या देशाचा उल्लेख केला, तर मागच्या बाकावरून कुणीतरी टापांचा आवाज काढला! त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपल्या नकाशांत पॅसिफिक महासागर म्हणजे नुसता निळा रंग आणि त्यावर माशा बसल्यासारखे चार-दोन ठिपके. त्यांतलाच एक ठिपका टोंगा. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरापासून ईशान्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर पसरलेली ही पावणेदोनशेच्या आसपास बेटे. त्यांत माणसांची वस्ती चाळीसेक बेटांवर. सगळ्यांची जमीन एकत्र केली तर ती साडेसातशे चौरस किलोमीटरच्या घरात जाईल, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहून थोडी मोठी. लोकसंख्या मात्र अवघी एक लाख! आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला एक नगरपालिका असते आणि तिच्या नळाला पाणी नसते. तिथे तेवढ्याच लोकांना स्वतःचा राजा आहे, संसद आहे, ध्वज आहे आणि राष्ट्रगीतही आहे.

घरातल्या आजी-आजोबांना या देशाची एक आठवण कदाचित असेल. १९५३ च्या जूनमध्ये लंडनला एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, तेव्हा धो धो पाऊस कोसळत होता. मिरवणुकीतल्या पाहुण्यांनी आपापल्या बग्ग्यांची छपरे ओढून घेतली. एका उंचनिंच राणीने मात्र छप्पर उघडेच ठेवले आणि ती भिजत, हसत, लोकांना हात हलवीत गेली. ती टोंगाची राणी सालोटे. त्या एका पावसाने टोंगाचे नाव घरोघर पोहोचले. त्यानंतर जगाने पुन्हा एकदा या देशाकडे मान वळवून पाहिले ते २०१७ साली, आणि त्या वर्षाचीच हकीकत मला आज वाचकांपुढे मांडायची आहे.

त्या वर्षी तिथे लढाई झाली नाही, क्रांती झाली नाही, जमिनीत तेलही सापडले नाही. परदेशी वाढलेली काही मुले एका खेळाच्या संघात परत आली, एवढेच घडले.

मी मराठीचा अध्यापक. मैदानाशी माझा संबंध शाळेतल्या हुतूतूपुरता, आणि तिथेही मी बहुधा लवकर बाद होणाऱ्यांत. माझे कुतूहल जागे झाले ते एका शब्दाने. ऑकलंडला स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्या नोव्हेंबरात कळवले, “सर, आमच्या रस्त्यावर आज जणू गणपतीची मिरवणूक आहे. मोटारींच्या टपांवर माणसे बसली आहेत, चहूकडे लाल झेंडे आहेत आणि सगळे एकच घोषणा देताहेत, माते मआ टोंगा!” मराठी कानाला ती आईला मारलेली हाक वाटते. टोंगाच्या भाषेत मात्र ‘माते’ म्हणजे मरण, आणि ‘माते मआ टोंगा’ म्हणजे ‘टोंगासाठी मरू’. हेच त्यांच्या संघाचे नाव. शब्दाचा मागोवा घेणे ही आम्हा भाषेच्या लोकांची जुनी खोड; त्या खोडीपायी मी एका अपरिचित खेळाच्या आणि अपरिचित देशाच्या इतिहासात शिरलो.

हुतूतूचा चुलतभाऊ

या खेळाचे नाव रग्बी लीग. रग्बीच्या दोन शाखा आहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जी खेळली जाते ती पंधरा खेळाडूंची ‘युनियन’. आपली गोष्ट आहे ती तेरा खेळाडूंच्या ‘लीग’ची. चेंडू नारळासारखा लांबट. तो छातीशी धरून धावत सुटायचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात. ट्रायला चार गुण, आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडला तर आणखी दोन. समोरच्यांनी काय करायचे? तर धावणाऱ्याला कवळी घालून, लोळवून, जागीच जखडायचे. हुतूतूच्या पकडीची सगळी रंगत इथे आहे, फक्त दम धरण्याची अट नाही. सहा वेळा पकड झाली की चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. ऐंशी मिनिटे हा धुमाकूळ चालतो.

एक नियम मात्र मला फार आवडला. हाताने चेंडू पुढे फेकायला सक्त मनाई. तो द्यायचा तर बाजूला नाही तर मागच्या गड्याकडेच, आणि तरीही सगळ्या संघाने पुढे सरकायचे. वाचकांनी हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न

रग्बीच्या या दोन शाखा झाल्या त्या खेळाच्या नियमांवरून नव्हेत, मजुरीवरून झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या दक्षिणेत रग्बी खेळत ती बड्या शाळांत शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरची मुले. उत्तरेकडे यॉर्कशर आणि लँकेशर परगण्यांत तीच रग्बी खेळत खाणीतले मजूर, गोदीतले हमाल आणि गिरण्यांतले कामगार. सामना शनिवारी. सामन्याला जायचे तर अर्ध्या दिवसाचा रोज बुडे, आणि हातपाय मोडला तर महिन्याची चूल विझे. बुडालेल्या रोजापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. खेळासाठी पैसा घेणे हे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असे दक्षिणेकडून उत्तर आले. ज्याला रोजाची चिंता नाही त्याला सभ्यपणा परवडतो, दुसरे काय!

शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी नियम बदलले, १९०६ साली पंधराचे तेरा खेळाडू केले, आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. आपल्या गिरणगावातल्या कामगारांनी चाळीचाळीतून हुतूतूचे संघ उभे केले, त्यांचीच आठवण हा इतिहास वाचताना मला होत होती. युनियनवाल्यांनी खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता दिली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी.

कामगारांचा हा खेळ १९०७-०८ च्या सुमारास न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीच्या कष्टकरी वस्त्यांत रुजला. यथावकाश तिथे तो लक्षावधी प्रेक्षकांचा आणि कोट्यवधी डॉलरांचा धंदा झाला. पण त्याच्या जन्मपत्रिकेत लिहिलेला मूळ प्रश्न एकच होता : खेळणाऱ्याच्या घामाचे मोल काय?

पहाटे वाजलेली दारे

आता टोंगाकडे वळू. इंग्रज आरमारी दर्यावर्दी कॅप्टन कुक याने अठराव्या शतकात या बेटांना ‘मैत्रीची बेटे’ असे नाव दिले होते. इथल्याच ‘तापू’ या शब्दावरून इंग्रजीने ‘टॅबू’ हा शब्द उचलला. पाव्हण्याला मेजवान्या देत असतानाच सरदारांनी त्याला ठार मारण्याचा बेत केला होता, पण मुहूर्तावर त्यांचे एकमत झाले नाही, अशी हकीकत पुढे प्रसिद्ध झाली. खरेखोटे देव जाणे! एवढे मात्र खरे की आसपासची बेटे एकामागून एक परक्यांच्या घशात गेली, टोंगाचे सिंहासन कायम राहिले. १९०० पासून १९७० पर्यंत त्यांनी ब्रिटनचे संरक्षण पत्करले होते. पण राजा त्यांचाच होता. या गोष्टीचा अभिमान टोंगाच्या माणसात आजही पुरेपूर आहे. त्याची दुसरी निष्ठा धर्मावर. रविवारी तिथे दुकाने बंद, खेळ बंद. देवळांतून चालतो तो फक्त समूहगानाचा घोष.

अभिमानाने पोट भरत नाही. नारळ, भोपळे आणि मासळी यांवर किती लोकांनी जगावे? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात टोंगाची माणसे ऑकलंडच्या कारखान्यांत, सिडनीच्या बांधकामांवर, अमेरिकेतल्या यूटा प्रांतात पांगली. आज परदेशी राहणारे टोंगन मायदेशीच्या टोंगनांहून अधिक भरतील. तिथे राबायचे आणि घरी पैसे धाडायचे. या पैशांचा देशाच्या उत्पन्नाशी असलेला हिस्सा तिसऱ्या भागाच्या वर जातो. जगात फार थोड्या देशांत तो इतका आहे. कोकणातल्या ज्या घराने मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहिली आहे, त्याला हे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यूझीलंडला कामकरी हवे होते तोवर सारे ठीक चालले. १९७० नंतर मंदी आली, आणि जे हात काल हवे होते ते आज डोळ्यांत खुपू लागले. परवान्याची मुदत संपलेल्यांना हुडकून काढण्यासाठी पोलिस पहाटे घरांत शिरू लागले. मुदत संपून राहिलेल्यांत गोऱ्या देशांतून आलेलेही पुष्कळ होते. पण दारे वाजली ती बहुतेक टोंगा-सामोआच्या माणसांची. मुले अंथरुणात असताना बापाला उठवून नेले जाई. ‘पहाटेचे छापे’ या नावाने ही प्रकरणे तिथल्या इतिहासात नोंदली गेली आहेत. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ रोजी त्याबद्दल सरकारच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. त्या वेळी पॅसिफिकच्या रीतीप्रमाणे त्या चटईखाली बसल्या आणि बेटवाल्यांनी ती चटई त्यांच्या डोक्यावरून दूर केली.

ज्या घरांनी हे दिवस पाहिले, त्याच घरांतल्या मुलांना व नातवंडांना रग्बी लीगने हात दिला. मैदानावर ना शिफारस लागे, ना उच्चार शुद्ध लागे. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या साखळी स्पर्धेत आज निम्म्याच्या जवळपास खेळाडू पॅसिफिक वंशाचे आहेत. त्यांच्या कमाईवर ऑकलंडमध्ये घरे उभी राहिली आणि टोंगात चर्चची छपरे बदलली गेली. मात्र राष्ट्रासाठी खेळायची वेळ आली की यांतले गुणी खेळाडू ऑस्ट्रेलियाचे किंवा न्यूझीलंडचे होत. टोंगाच्या वाट्याला येई ते उरलेसुरले.

तसा टोंगाचा संघ लेचापेचा नव्हता. १९९५ साली पहिल्यांदाच विश्वचषकात उतरला, तेव्हा न्यूझीलंडकडून २५-२४ असा अवघ्या एका गुणाने हरला. वाचकांनी हे आकडेही मनात ठेवावेत. पण त्यानंतर वर्षे गेली ती ‘थोडक्यात हुकले’ म्हणण्यात. २०१३ च्या विश्वचषकात तर स्कॉटलंडनेही त्यांना २६-२४ असे हरवले.

गाव कोणते?

२०१७ च्या ऑक्टोबरात विश्वचषकासाठी संघ जाहीर होण्याची वेळ आली. जेसन टाउमालोलो हा त्या वेळचा एक अव्वल खेळाडू. ऑकलंडमध्ये टोंगन आईबापांच्या पोटी जन्मलेला, ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला वाढलेला, न्यूझीलंडकडून खेळत असलेला. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या साखळीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला पदक विभागून मिळाले होते. त्याच्या क्लबाने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला होता आणि वर्तमानपत्रांनी त्याची रक्कम एक कोटी डॉलरच्या घरातली सांगितली होती. या चोवीस वर्षांच्या तरुणाने न्यूझीलंडचा संघ जाहीर होण्याच्या तोंडावर कळवले की आपण टोंगाकडून खेळणार. सिडनीत जन्मलेला, ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला अँड्र्यू फिफिता यानेही तेच केले. मानू माऊ, लोलोहेया अशा आणखी काहींनी न्यूझीलंडचा काळा सदरा उतरवून टोंगाचा लाल सदरा चढवला होताच.

आईवडील किंवा आजी-आजोबा ज्या देशाचे, त्या देशाकडून खेळण्याची मुभा नियमांत होती. पण मुभा असणे वेगळे आणि ती घेणे वेगळे. मोठ्या देशाच्या संघात सामन्यामागे मिळणारा मेहनताना टोंगाच्या कितीतरी पट. शिवाय जिंकण्याची खात्री आणि घरच्या मैदानावरचा मान. न्यूझीलंडच्या प्रशिक्षकांनी टाउमालोलोच्या निर्णयाबद्दल उघड नाराजी दाखवली. ज्या देशात वाढलात, शिकलात, त्याच्याकडे पाठ फिरवता, असाही सूर निघाला.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जन्म ऑकलंडचा, नोकरी ऑस्ट्रेलियाची, मग हे टोंगाचे कसे? मला मात्र त्याचे उत्तर आपल्याच रीतिरिवाजात सापडते. गिरगावात जन्मलेल्या, गिरगावातच म्हाताऱ्या झालेल्या माणसालाही आपण पहिल्या भेटीत विचारतो, “तुमचे गाव कोणते?” आणि तोही क्षणाचा विलंब न लावता देवरुखजवळचे किंवा मालवणकडचे एखादे नाव सांगतो. त्या गावी त्याचे घर पडले असेल, वाटेची खूणही त्याला ठाऊक नसेल. तरी उत्तर तेच. या मुलांनी त्या प्रश्नाचे उत्तर मैदानावर दिले, आणि त्यासाठी पदरचा पैसा सोडला. बुडालेल्या रोजासाठी जो खेळ जन्मला, त्याच खेळातल्या मजुरांच्या मुलांनी सव्वाशे वर्षांनी आपण होऊन रोज बुडवला, ही या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

पाच सामने

या विश्वचषकात चौदा संघ होते. टोंगाचा कर्णधार सिका मानू आणि प्रशिक्षक क्रिस्टियन वूल्फ नावाचा ऑस्ट्रेलियन. पहिल्याच सामन्यात टोंगाने स्कॉटलंडला ५०-४ असे लोळवले. चार वर्षांपूर्वीचे उसने व्याजासह फिटले. दुसरा सामना शेजारच्या सामोआशी; तो ३२-१८ असा जिंकला. या सामन्याच्या आधी ऑकलंडच्या ओताहुहू भागात दोन्हीकडच्या काही तरुणांत हाणामाऱ्या झाल्या, पोलिसांना मध्ये पडावे लागले. लाल झेंड्यांच्या वर्णनाच्या भरात हे झाकून ठेवू नये.

११ नोव्हेंबरला हॅमिल्टन येथे गाठ पडली ती न्यूझीलंडशी. मैदान न्यूझीलंडचे, पण प्रेक्षकांत लाल रंगाचे साम्राज्य. खेळापूर्वी न्यूझीलंडचे खेळाडू आपले ‘हाका’ हे युद्धनृत्य करतात. एरवी प्रतिपक्ष ते मुकाट्याने पाहतो. टोंगाच्या गड्यांनी त्याच वेळी आपले ‘सिपी ताऊ’ सुरू केले आणि दोन्ही फळ्या पावलापावलाने एकमेकींना भिडायला आल्या. मध्यंतराला न्यूझीलंड १६-२ असे पुढे. झाले, नेहमीचेच, असे म्हणून पुष्कळांनी सुस्कारा टाकला असेल. दुसऱ्या डावात मात्र डेव्हिड फुसितुआने तीन ट्राय ठोकले आणि टोंगाने सामना २८-२२ असा खेचून आणला. जागतिक मंडळाच्या पहिल्या श्रेणीतल्या राष्ट्राला दुसऱ्या श्रेणीतल्या राष्ट्राने विश्वचषकात हरवले! माझ्या विद्यार्थिनीने ज्या मिरवणुकीबद्दल कळवले ती याच रात्रीची.

उपांत्यपूर्व सामन्यात लेबाननने घाम फोडला. लेबाननचे खेळाडूही बहुतेक सिडनीत वाढलेले, म्हणजे तीही मूळ गावाला जागलेलीच मुले. टोंगा २४-२२ असे वाचले. आणि २५ नोव्हेंबरला ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर इंग्लंडशी उपांत्य सामना झाला. तीस हजार प्रेक्षक जमले होते. खेळापूर्वी त्यांच्या मुखातून स्तोत्र उमटले तेव्हा ते मैदान आहे की प्रार्थनामंदिर, हे कळेना. ते चित्रण मी नंतर पाहिले. भाषेचे अक्षर कळत नव्हते, तरी अंगावर काटा आला.

इंग्लंडने २० गुण केले, टोंगाने शून्य. घड्याळात सात-आठ मिनिटे उरली. लोक उठून जाण्याची ही वेळ. पण कुणी उठले नाही. टोंगाने एक ट्राय केला आणि चेंडू खांबांतून गेला : सहा. पुन्हा तसेच : बारा. पुन्हा : अठरा! मैदानावर कुणाला कुणाचे ऐकू येईना. शेवटच्या काही सेकंदांत फिफिता चेंडू घेऊन रेषेकडे घुसला, इंग्लंडच्या गड्याचा हात मध्ये आला, चेंडू निसटला, आणि पंचाने शिट्टी फुंकली. चेंडू हिसकावला की हातून सुटला, हा वाद आजही टोंगनांच्या घरी जेवणानंतर रंगतो. पंचाने चित्रफीत तपासली नाही, निकाल २०-१८. इंग्लंड अंतिम सामन्यात गेले आणि ऑस्ट्रेलियाकडून ६-० असे हरले.

ज्या संघाने उपांत्य सामना गमावला त्याचे वर्ष ‘भरभराटीचे’ कसे म्हणावे? त्या संध्याकाळी तीस हजार लोक हरल्यानंतरही गात होते, म्हणून. आपण कोणाचे आहोत हे ज्या मुलांना आजवर दबक्या आवाजात सांगावे लागे, त्यांना ते मोठ्याने सांगता आले, म्हणून.

वर्ष सरल्यावर

उत्साहाचे एक वर्ष कुणालाही लाभते. खरी परीक्षा पुढच्या वर्षांत होते. २०१८ च्या ऑक्टोबरात बलाढ्य ऑस्ट्रेलिया टोंगाशी प्रथमच अधिकृत कसोटी खेळली. टोंगा ३४-१६ असे हरले, पण मैदान खच्चून भरले होते. २०१९ साली आठवड्याभरात त्यांनी ग्रेट ब्रिटनला १४-६ आणि ऑस्ट्रेलियाला १६-१२ असे हरवले.

या दुसऱ्या बाजूला वेदनेची एक कडा आहे. त्याच काळात टोंगाचे क्रीडामंडळ आणि खेळाडू यांच्यात पैशांच्या व कारभाराच्या प्रश्नांवरून बेबनाव झाला. प्रशिक्षकाला काढण्याचे घाटले, खेळाडू अडून बसले. जागतिक मंडळाने टोंगाच्या मंडळाला निलंबित केले आणि तो ऐतिहासिक विजय मिळवणारा संघ कागदोपत्री ‘टोंगा निमंत्रित’ म्हणून खेळला! पुढे २०२० मध्ये त्या मंडळाची मान्यताच गेली. मुलांनी लाखमोलाचा त्याग करावा आणि खुर्चीवरच्यांनी हिशेबात घोळ घालून बसावे, हा अनुभव केवळ पॅसिफिकमधला आहे असे आपल्याकडच्या क्रीडारसिकांना वाटणार नाही.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. २०१७ चे पाचही सामने परमुलखात झाले. खुद्द टोंगाच्या बेटांवर आजही जोर आहे तो युनियनचा. लीगला तिथे मैदाने कमी, शिकवणारे कमी, पैसा त्याहून कमी. फांद्या दूरदेशी बहरल्या, पण बुंध्याला पाणी घालणे अजून बाकी आहे.

तथापि एका दिव्याने दुसरा दिवा लागतो. टोंगाच्या मुलांनी वाट दाखवली आणि सामोआच्या मुलांनी ती धरली. २०२२ च्या विश्वचषकात सामोआने टोंगालाच २०-१८ असे हरवले, पुढे इंग्लंडला नमवले आणि अंतिम सामना गाठला. मोठ्या राष्ट्रांची मिरासदारी असलेल्या या खेळात एक छोटे बेट शेवटच्या सामन्यात उभे राहिले. आणि २ नोव्हेंबर २०२४ रोजी ऑकलंडमध्ये टोंगाने जादा वेळेत न्यूझीलंडला हरवले, २५-२४! १९९५ चे तेच आकडे, फक्त बाजू उलटल्या. ज्या एका गुणाची हळहळ एकोणतीस वर्षे घरोघर सांगितली जात होती, तो गुण वसूल झाला.

आता त्या नियमाकडे येतो. चेंडू मागे देत देत पुढे जायचे, हा या खेळाचा नियम, आणि माझ्या मते या लाखाच्या राष्ट्राचाही. परदेशी गेलेल्या मुलाने पुढे धावायचे, पण हातातले मागच्या माणसाकडे द्यायचे. बापाने मनीऑर्डर दिली, मुलाने नाव दिले.

याची खूण खेळाबाहेरही पटली. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रात ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. राख पडली, लाटा उसळल्या, समुद्रतळाची तार तुटून बेटांचा जगाशी संपर्कच संपला. परदेशातल्या लाखभर माणसांना आपले आईबाप जिवंत आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग उरला नाही. तेव्हा ऑकलंडचे टोंगन लोक जमले ते माउंट स्मार्ट मैदानावर. पिंपांत तांदूळ, पीठ, पाणी, कपडे भरायचे, वर नातलगाचे नाव घालायचे आणि ते जहाजाच्या पेट्यांत चढवायचे, असे काम तिथे दिवसचे दिवस चालले. मदत कुठे गोळा करावी, हे कुणी कुणाला विचारले नसावे. चार वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी ते सगळे एकत्र रडले होते आणि गायले होते. वाट पायाखालची झाली होती.